उजळ

पट्टीच्या कोपऱ्यावर आपल्याच अंगठ्याचा ठसा केशरी पेटलेला दिसला तेव्हा रुतिकाने आधी दिवा बंद केला. कोणी पाहू नये म्हणून नव्हे, खोलीत ती एकटीच होती. हात आपोआप गेला. काळे पडदे लावलेल्या त्या चिंचोळ्या खोलीत ती थोडा वेळ तशीच बसली, मग दिवा पुन्हा लावला. ठसा होता. अंगठ्याची एकेक रेष, मधला भोवरा, बाजूला विळीने कापल्याची जुनी आडवी खूण, सगळं निखाऱ्यावर फुंकर घातल्यासारखं. बाकीची पट्टी अंधारात बुडालेली, जशी असायला हवी तशी. महाप्याच्या या प्रयोगशाळेत ती शिकून बाहेर पडल्यापासून हेच करत होती. कागदाच्या पट्टीवर एक बिनरंगी रसायन बसवायचं, पट्टी पाण्यात बुडवायची, यूव्ही दिव्याखाली धरायची. पाण्यात पारा असला तर ते रसायन त्याला ओळखतं आणि केशरी उजळतं. नसला तर काही दिसत नाही. आज ती शुद्ध पाण्यातल्या पट्ट्या तपासत होती, म्हणजे काही न दिसणं हेच आजचं काम. मध्येच धाकट्या बहिणीचा, पूर्वीचा, फोन आला म्हणून तिने एका हाताचा ग्लोव्ह काढला, तिच्या लग्नातल्या शालूच्या काठाबद्दल दोन शब्द बोलली, घामेजलेला हात गळ्यातल्या स्टोलला पुसला आणि पुढची पट्टी तशीच उचलली. एवढंच झालं होतं.

“कन्टॅमिनेशन असेल,” क्षिप्रा मॅडम म्हणाल्या. प्रयोगशाळा त्यांच्या हाताखाली चालायची आणि त्या कधी आवाज चढवत नसत. “हात धुऊन परत घे. आणि ग्लोव्ह न घालता पट्टीला हात लावायचा नाही, हे मी तुला सांगायला नको.” रुतिकाने साबणाने दोनदा हात धुतले आणि नव्या पट्टीवर अंगठा दाबला. काहीच उजळलं नाही. मॅडम म्हणाल्या, झालं तर मग, आणि आपल्या टेबलाशी गेल्या. त्यांच्या दृष्टीने गोष्ट संपली. रुतिकाची तिथून सुरू झाली, कारण प्रयोगशाळेतली पाऱ्याची बाटली कुलपात होती आणि तिने ती गेल्या आठवड्यापासून उघडलीच नव्हती. म्हणजे पारा इथला नव्हता. तो तिने बाहेरून आणला होता, आपल्या कातडीवर, वॉचमनला गुड मॉर्निंग करत, गेटमधून आत. उरलेला दिवसभर ती पट्ट्या बुडवत राहिली, आणि प्रत्येक पट्टी काळी निघाली तरी तिला हायसं वाटलं नाही. जिभेवर धातूची चव आली. नाणं चोखल्यासारखी. ती मनाची असणार हे तिला कळत होतं. तरी ती दोनदा जाऊन चूळ भरून आली.

आदल्या रात्री ती उरणजवळच्या मोऱ्याला माहेरी होती आणि सकाळी तिथूनच स्कूटरने थेट कामावर आली होती. निघण्याआधी आयसोबत ओटीवर बसून तिने मांदेली निवडली, बोंबील साफ केले. कमळी, तिची आय, विळीवर बसली की बोलत नसे. खवले उडत, तिच्या मनगटाला चिकटून चमकत, आणि ती पाणी मारून पुढचा मासा घेई. त्या हातांनी रुतिकाला एमएस्सीपर्यंत नेलं होतं. ती हॉस्टेलला होती तेव्हा आय धक्क्यावरून माशांची पाटी घेऊन लाँचने मुंबईला जाई आणि येताना हॉस्टेलच्या दाराशी डबा ठेवून जाई, वर येत नसे, कपड्यांना वास येतो म्हणून. दुसरं काय होतं ज्याला तिने हात लावला होता? पाणी, साबण, स्कूटरचं हँडल, मासे. ती पुन्हा पुन्हा मोजत होती आणि प्रत्येक वेळी मोजणी माशांपाशी येऊन थांबत होती. खाडीत काय काय येऊन मिळतं ते तिच्याइतकं कुणाला माहीत होतं. ज्या पाण्यासाठी ती पट्ट्या बनवत होती ते पाणी म्हणजे कुठलं तरी दूरचं, नकाशावरचं पाणी, असं ती इतके दिवस समजत आली होती की काय? तिच्या डोळ्यांपुढे धक्क्यावरच्या सगळ्या बायका आल्या, ओळीने बसलेल्या, आणि सगळ्यांचे हात केशरी.

संध्याकाळी उलव्याच्या घरी तिचा नवरा प्रितेश गॅसपाशी उभा होता. आयने डब्यातून दिलेली मांदेली तो तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर सोडत होता. खिडकीवरून एक विमान इतकं खालून गेलं की भांडी हलली, आणि तो विमान जाईपर्यंत बोलायचा थांबला, जसे इथले सगळे आता थांबायला शिकले होते. “हात धू, गरम आहेत तोवर खाऊन घे,” तो म्हणाला. हात धू म्हणताच तिने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. तव्यावर मासे चुरचुरत होते. लहानपणापासून ज्या वासाने तिला भूक लागे तोच वास चुकवायला ती खिडकीशी सरकली.

“मला नको. ॲसिडिटी झालीये.”

“तुला? माशाने?” तो हसला, मग तिचा चेहरा पाहून थांबला. “काय झालं ऑफिसात?”

“काही नाही. तूही नको खाऊस आज.”

“मी का नको?”

ती ताट घ्यायला वळली. प्रितेशने गॅस बारीक केला. मग खाली मान घालून जेवला, सगळी मांदेली एकट्याने, काट्यांसकट, आणि ती समोर बसून त्याचा प्रत्येक घास पाहत राहिली. सांगायला काय होतं? एकदा सांगितलं की ते सांगितलेलं राहतं. आज प्रितेशला, उद्या त्याच्या मित्राला, परवा उलव्याच्या प्रत्येक सोसायटीच्या ग्रुपवर, मोऱ्याचे मासे घेऊ नका, खात्रीलायक माहिती, तिथलीच मुलगी लॅबमध्ये आहे. आणि सांगितलं नाही तर तेही राहतं. आय पन्नाशीच्या पुढे गेली होती, तिची बोटं सकाळी थरथरत, आणि सगळे ते गारठ्यावर ढकलत. बाबांना हल्ली नावं आठवत नसत. समुद्रावर जन्म गेलेल्या माणसाचं असंच होतं, असं म्हणत. रुतिकाला आता त्या प्रत्येक साध्या गोष्टीखाली दुसरी गोष्ट दिसायला लागली. लहानपणी एकदा बाबांना हिवताप भरला होता तेव्हा डॉक्टरांचा थर्मामीटर फुटला आणि पाऱ्याचे मणी फरशीवर धावले. दोघी बहिणी त्यांच्या मागे गुडघ्यांवर रांगल्या. मणी बोटाखाली फुटायचा, दोन व्हायचा, दोन्ही पळायचे. पूर्वीने एक काडेपेटीत धरून ठेवला आणि सकाळी पेटी रिकामी निघाली म्हणून ती रडली. गेला कुठे, असं ती विचारत होती. आय म्हणाली, गेला असंल घरात कुठंतरी. आज इतक्या वर्षांनी रुतिकाला त्या उत्तराची भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी तिने फ्रीजमध्ये उरलेले बोंबील पिशवीत घालून प्रयोगशाळेत नेले आणि क्षिप्रा मॅडमना खरं सांगितलं.  मॅडमनी पिशवी हातात घेतली, तोंड वाकडं न करता, आणि म्हणाल्या, “मासा पट्टीला कळायचा नाही. मांसातला पारा बांधलेला असतो. ॲसिडमध्ये विरघळव आणि मोठ्या मशीनवर लाव.” मासा विरघळायला वेळ लागतो. पिवळट धुरात तो हळूहळू नाहीसा होताना रुतिका काचेपलीकडून पाहत होती आणि कुणाशी तरी बोलत होती, देवाशी नव्हे, एकवीरेलाही हाक मारायची हिंमत झाली नव्हती, माशाशीच बहुधा. मशीनने आकडा दिला. कुठल्याही समुद्रातल्या कुठल्याही माशात असतो तेवढाच, नावाला. मॅडमनी तिच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. “मी खाईन हा मासा,” त्या म्हणाल्या. मग जाता जाता थांबल्या. “पण मग तुझ्या अंगठ्यावर कुठून आला? काल अंगावर काय होतं तुझ्या?”

स्टोल स्कूटरच्या डिकीत होता. उरण फाट्यापासून कंटेनरचे ट्रेलर सुरू होतात, त्यांची धूळ चुकवायला काल मोऱ्याहून निघताना तो तिने नाकातोंडावरून गुंडाळला होता, दारामागच्या खुंटीवर टांगलेला दिसला म्हणून घेतला. फिकट निळा, सुती. काळ्या पडद्याआड तिने तो टेबलावर पसरला, ओल्या पट्ट्या जागोजागी दाबून धरल्या आणि दिवा लावला. मधल्या पट्ट्या पेटल्या. जिथे कापड गालांवर येतं तिथे, नाकाच्या दांड्यावर येतं तिथे, हनुवटीखाली गाठ बसते तिथे. कडेच्या सगळ्या काळ्या. टेबलावर, कापडात, एक चेहरा होता. रुतिकाच्या तोंडून श्वास सुटला आणि मनात एकच शब्द आला, सुटले. मासे सुटले, आय सुटली, धक्का सुटला. ती स्टुलावर बसली. क्षणभर तिला खरंच आनंद झाला होता. आणि मग तिला आठवलं की स्टोल तिचा नाही, धाकटीचा, पूर्वीचा आहे, आणि आपल्याला आत्ता आनंद झाला होता हे तिला इतकं भयंकर वाटलं की ती उठून उभी राहिली.

मोऱ्याच्या रस्त्याला लागेपर्यंत तिला काहीच सुचत नव्हतं, मग सगळं एकदम सुचायला लागलं. बहिणीचे पैंजण. रविवारी ती पाय पुढे करून बसली होती आणि साखरपुड्याला घातलेले पैंजण घोट्याशी मिटत नव्हते, आय दाबून बघत होती. ब्लाउज बाह्यांत घट्ट होत होता. शेजारच्या बायका हसत होत्या, लगीन मानवतंय पोरीला, अंग भरलंय, तेज चढलंय. आणि खरंच तिचा रंग उजळला होता. रुतिकानेही पाहिलं होतं आणि काही विचारलं नव्हतं. विचारण्याची तिची जागाच नव्हती. लहानपणापासून धक्क्यावर कुणीही भेटलं की तेच वाक्य असे, थोरली उजळ हाय, बारकी सावळी. त्यात कुणाचा वाईट हेतू नसे, भाव सांगावा तसं सांगत. रुतिका त्या वाक्याखाली गप्प उभी राहायला शिकली आणि पूर्वी हसायला शिकली. तिचा होणारा नवरा कल्पेश उलव्याचा, विमानतळावर सामानाच्या विभागात कामाला, पूर्वीला कॉलेजपासून ओळखायचा. तो तिच्या रंगाबद्दल कधी चकार शब्द बोलला नव्हता. पण साखरपुड्याच्या फोटोंवर त्याची आत्या म्हणाली होती, पोरगी ग्वाड हाय, फोटोत जरा काळी येते. सगळे हसले होते. पूर्वी सगळ्यांत मोठ्याने. ट्रेलर एकामागून एक तिच्या बाजूने जात होते, स्कूटर त्यांच्या वाऱ्याने डगमगत होती, आणि रुतिका विचार करत होती की एखाद्या माणसाला मारायला किती थोडं पुरतं.

भरदुपार होती. कमळी धक्क्यावरून नुकतीच येऊन पाय धुत होती. “आज कशी आयलीस गो मधीच? सुट्टी हाय का?” रुतिका हो म्हणाली. पूर्वी आतल्या खोलीत पलंगावर मोबाइल घेऊन पडली होती. ताईला बघून उठली तेव्हा उठायला तिला हात टेकावा लागला. तिचा चेहरा रुतिकाने नीट पाहिला, खूप दिवसांनी. गोरा नव्हता तो. कणीक भिजवून ठेवल्यासारखा होता, डोळ्यांखाली फुगलेला, आणि कानापाशी रंगाची एक हद्द होती, तिथून खाली तिची खरी मान सुरू होत होती.

“पूर्वी, तोंडाला काय लावतेस?”

“काय लावते? फेसवॉश.”

“खरं सांग.”

“तू एवढ्या लांबून हे विचारायला आलीस?” पूर्वी हसली. मग तिने उशीखालून एक पांढरी डबी काढून पलंगावर ठेवली. डबीवर काही लिहिलेलं नव्हतं. “पार्लरच्या वैशालीने दिली. तिला कोणीतरी बाहेरून आणून देतं. सगळ्या लावतात, ताई. तू टेन्शन घेऊ नको.”

“यात पारा आहे.”

“तुला डबी न उघडताच कळलं?”

“तुझ्या स्टोलवर होता. तिथून माझ्या हाताला आला.”

पूर्वीने डबी हातात फिरवली. मग ती जे बोलली ते हळू आवाजात बोलली, भांडल्यासारखं नाही. “तुला नाही कळायचं ते. तुला कधी कुणी फोटोत मागे उभं केलं नाही.”  रुतिकाने पर्समधून पट्ट्या काढल्या, कापूस काढला, लहान बाटली काढली, आणि छोटी यूव्ही बॅटरी. खोलीत सगळीकडून ऊन येत होतं, खिडकीला पडदा नव्हता. अंधार कुठून आणायचा? पलंगाच्या पायथ्याशी आयची गोधडी घडी करून ठेवलेली होती. दोघी तिच्याखाली शिरल्या, डोक्यावरून ओढून घेऊन, गुडघ्याला गुडघा लावून. आत उकडत होतं, कापूर आणि खाऱ्या हवेचा वास होता, पूर्वीचा श्वास तिच्या तोंडावर येत होता. रुतिकाने ओल्या कापसाने बहिणीचा गाल पुसला, कापूस पट्टीवर दाबला. तिचा हात थांबला. न लावली बॅटरी तर? गोधडी बाजूला करून, काही नाही गं, चुकलं माझं, असं म्हणता आलं तर? पूर्वीनेच बॅटरी तिच्या हातातून घेतली आणि बटण दाबलं.

पट्टी पेटली. स्टोलवर नुसते डाग होते. ही पूर्ण पेटली, काठोकाठ, इतकं की गोधडीच्या आतले टाके दिसायला लागले आणि पूर्वीच्या डोळ्यांत दोन केशरी ठिपके आले. ती बराच वेळ पट्टीकडे बघत होती. “हे घासून निघेल ना?” तिने विचारलं.  पूर्वीने बॅटरी बंद केली. आणि त्या अंधारात ती म्हणाली, “ताई, मला लघवीला फेस येतो. साबणासारखा. मी कुणाला सांगितलं नाही.”

बाहेरून आयचा आवाज आला, “काय करताव गो दोघी? लहान हाव काय आता?” आणि कमळीने गोधडी ओढली. उजेड एकदम आत आला. तिने दोघींची तोंडं पाहिली आणि गोधडीचं टोक हातात धरून ती तशीच उभी राहिली.

बेलापूरच्या हॉस्पिटलात किडनीच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले, पूर्वीच्या घोट्यावर बोट दाबलं. बोट काढल्यावरही खळगा तसाच राहिला, ओल्या वाळूत राहतो तसा. त्यांनी डबीचं झाकण उघडून पाहिलं आणि लावून टाकलं. “किडनीतून प्रोटीन जातंय. बरंच जातंय. क्रीम आजपासून बंद. बंद केल्यावर पुष्कळ जण सावरतात, पण मी आज शब्द देत नाही. आपल्याला बघत राहावं लागेल.” लग्नाचं काय, असं कमळीने विचारलं. “आधी पोरगी,” डॉक्टर म्हणाले. बाहेरच्या बाकावर तिघी बसल्या. रुतिकाला वाटत होतं की भीती निदान आता एका जागी थांबेल, तिला नाव मिळालं, रिपोर्ट मिळाला. पण ती थांबत नव्हती. समोरून बायका जात होत्या, नर्स, सफाईवाल्या, कडेवर पोरं घेतलेल्या, आणि प्रत्येकीच्या कानापाशी ती रंगाची हद्द शोधत होती. किती उशांखाली असेल अशी डबी? तेवढ्यात पूर्वी म्हणाली, “अजून एक आहे.”

“काय अजून एक?”

“डबी. पायलला दिली मी. साखरपुड्यानंतर.”

पायल कल्पेशची बहीण. तिला तान्हं मूल होतं, अंगावर पीत होतं.  कमळीने तोंडावर पदर घेतला. “आता काय सांगशील त्यांना?” ती पदराआडून म्हणाली. “नवरीनं नणंदेला विष दिलं, ह्येच बोलतील ना? लगीन ऱ्हाईल काय मंग?” आणि रुतिका, जिने आयुष्यभर खरं काय ते शोधायचं काम केलं, तिच्या मनात त्या बाकावर एक खोटं तयार झालं. नीट, बेताचं. पायलला फोन करायचा, म्हणायचं वैशालीकडची क्रीम एक्स्पायर झाली, टाकून दे. एवढं पुरलं असतं. बाळाचं भलं झालं असतं, कुणाला काही कळलं नसतं. ती ते बोलणारही होती. “आपण तिला नुसतं असं सांगू—” तिने सुरुवात केली. पण पूर्वीने मोबाइल कानाला लावला होता.

“पायल, मी बोलतेय. नाही गं, लग्नाचं नाही. ती मी दिलेली डबी आहे ना, पांढरी, तिला हात लावू नको. लावलीस का? किती दिवस?” ती ऐकत राहिली. तिच्या ओठांचा रंग गेला होता. “ऐक. त्यात विषारी काहीतरी आहे. मी आत्ता हॉस्पिटलात आहे त्याच्यामुळे. तू बाळाला घेऊन इथे ये. आत्ता ये. कल्पेशला मी सांगते. नाही, तू नको सांगू, मीच सांगते. माझी चूक आहे, मी दिली.” फोन ठेवून तिने तो मांडीवर पालथा केला आणि दोन्ही हात त्याच्यावर ठेवले, परत वाजू नये म्हणून दाबून धरल्यासारखे.  कमळीने पदर तोंडावरून काढला आणि पूर्वीच्या पाठीवर हात ठेवला. रुतिका भिंतीकडे बघत बसली. आपण अर्ध्या वाक्यावर होतो हे बहिणीने ऐकलं असेल का, हा प्रश्न तिला तिथे पडला आणि नंतर पुष्कळ दिवस पडत राहिला.

पायल आली, कल्पेश तिच्याबरोबर आला. पायलने डबी उघडून एकदोनदाच लावली होती, तिखट वास आला म्हणून ठेवून दिली होती. तिचं रक्त, लघवी सगळं साफ निघालं, बाळही ठीक निघालं. पण ते कळेपर्यंत मधला दिवस गेला आणि त्या दिवसात कल्पेशच्या घरून कुणाचाही फोन आला नाही. पूर्वीला दाखल करून घेतलं होतं. रिपोर्ट घ्यायला कल्पेश एकटा आला. शहाळं घेऊन आला होता, नर्सने ते परत पाठवलं, किडनीच्या पेशंटला चालत नाही म्हणून. तो शहाळं हातात धरून पलंगापाशी उभा राहिला. “तू मला आधी विचारायचं होतंस,” तो पूर्वीला म्हणाला. “काय विचारायचं होतं?” तिने विचारलं. त्याने शहाळं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. जाताना तो कमळीच्या पाया पडला आणि म्हणाला, तारीख पुढे घेऊ, आत्याला मी बघतो. वैशालीचं पार्लर काही दिवस बंद राहिलं. कमळी तिच्या घरी भांडायला गेली आणि न भांडता परत आली. वैशाली स्वतःही तीच क्रीम लावत होती आणि तिचेही पाय सुजलेले होते. रुतिकाने डबी सरकारी ऑफिसात नेऊन दिली. तिथल्या माणसाने पोच दिली. पुढे काही कळलं नाही.

पूर्वी सावरली, पण हळूहळू, मध्येच मागे जात. एका महिन्यात प्रोटीन कमी येई, पुढच्यात पुन्हा वाढे, आणि रुतिका प्रत्येक रिपोर्टच्या आदल्या रात्री जागी असे. सूज उतरली तसा तिचा रंगही मूळचा झाला, सावळा, मानेसारखाच. बायका आता काही बोलत नसत. बाबा, ज्यांना नावं आठवत नसत, एका सकाळी तिच्याकडे बघून म्हणाले, आमची पूर्वी आयली परत. प्रयोगशाळेत पट्ट्या तशाच चालू होत्या. घरी मात्र रुतिकाचं काहीतरी बिघडलं होतं. नवीन साबण आणला की ती तो तपासे. कुंकू तपासलं, प्रितेशचं दाढीचं क्रीम तपासलं. एकदा प्रितेशने तिला बाथरूममध्ये, दिवा बंद करून, टूथपेस्टवर बॅटरी धरून बसलेलं पाहिलं. “काही निघालं?” त्याने दारातूनच विचारलं. “नाही.” “मग झोप ना,” तो म्हणाला, आणि दार लावून न घेता तिथेच थांबून राहिला. काही न निघाल्याने भीती जात नाही, हे ती त्याला समजावू शकली नसती. काही न दिसणं म्हणजे नसणं, यावर तिचा आता विश्वास उरला नव्हता.

दिवाळीनंतर लग्न ठरलं आणि हळदीला अख्खा मोरा दारात होता. मांडवात बँड वाजत होता, माणसाला माणसाचं बोलणं ऐकू येत नव्हतं. पायल बाळाला कडेवर घेऊन आली होती. आत्याही आली होती आणि कुणाशी न बोलता पुढच्या खुर्चीत बसली होती. हळद कमळीने घरी जात्यावर दळली होती. हळकुंडं उरणच्या बाजारातून तिने स्वतः निवडून आणलेली, रुतिकाच्या डोळ्यांसमोर. तरीही रुतिका वाटी घेऊन स्वयंपाकघरात गेली, दार लोटलं, ओट्याखाली वाकून अंधार केला, पट्टी हळदीत बुडवली आणि बॅटरी लावली. हळदीची आपली पिवळट झाक तेवढी उठली, केशरी काही नाही. दुसरी पट्टी. काही नाही. बाहेरून हाका येत होत्या, थोरलीला बोलवा, थोरली कुठं हाय. ती वाटी घेऊन मांडवात आली. पूर्वी पाटावर बसली होती, पिवळ्या साडीत, तोंड धुतलेलं, त्यावर काहीही न लावलेलं. रुतिका पुढे वाकली, बोटं वाटीत बुडवली, आणि हात बहिणीच्या गालाजवळ जाऊन थांबला. पुढे जाईना. बोटांवरून हळद तिच्या मनगटाकडे ओघळली. बायका गाणं म्हणत होत्या, त्यांना काही दिसलं नाही.

“वाटी घेऊन किचनमध्ये शिरताना पाहिलं मी तुला,” पूर्वी तिच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली. तिने रुतिकाचं मनगट धरलं. तिची पकड घट्ट होती, आयसारखी. “लाव ताई,” ती म्हणाली आणि तो हात तिने स्वतःच आपल्या गालावर ओढून घेतला. गाल गरम होता. पूर्वीने डोळे मिटून घेतले. रुतिका हळद लावत राहिली, दोन्ही गालांना, कपाळाला, मानेला, आणि तिला एक क्षणही डोळे मिटवेनात.